‘यू’ दोनदा दाबलं आणि पंधरा नोंदी गेल्या. एकाच नावाचे हे व्हीआय एडिटर वेगळे का वागतात?

सुरंगी (देवगड)

नमस्कार. आमचं आंबा पॅकिंगचं काम आहे, देवगडपासून थोडं आत. हंगामात रोज संध्याकाळी वाशीची गाडी सुटते. कोणत्या बागायतदाराच्या किती पेट्या, त्यांत पाच डझनी किती, सहा डझनी किती, माल कोणाकडे जायचा, हे सगळं मी साध्या टेक्स्ट फाइलीत लिहिते. एक ओळ म्हणजे एक नोंद. कॉलेजात विम हा टेक्स्ट एडिटर (मजकूर लिहायचा प्रोग्राम) शिकले, तेव्हापासून हात त्यालाच बसलाय आणि दुसरं काही वापरावंसं वाटत नाही.

पण मला एकाच यंत्रावर काम करता येत नाही. लॅपटॉपवर विम आहे. पडवीत पेट्यांची लेबलं छापायला एक रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) ठेवलाय. हिशेबाची मुख्य फाइल भाड्याच्या फ्रीबीएसडी (युनिक्स घराण्यातली सिस्टिम) सर्व्हरवर असते, कारण बाबा वाशीला असले की त्यांनाही ती तिथून बघता येते. शिवाय राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही सिस्टिम घातलीय, त्यामुळे कधीतरी त्याच्या सेटिंगच्या फाइलीत शिरावं लागतं. चारही ठिकाणी मी ‘व्हीआय’ असंच टाइप करते आणि चारही ठिकाणी काहीतरी उघडतं.

एप्रिलमधली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते, गाडी दारात उभी, ड्रायव्हर हाका मारतोय. सर्व्हरवरच्या फाइलीतून मी आधी चौदा ओळी उडवल्या, मग आणखी एक ओळ उडवली. लगेच लक्षात आलं की दोन्ही चुकीच्या होत्या. म्हणून नेहमीसारखं ‘यू’ (केलेलं मागे घ्यायची कळ) दोनदा दाबलं, पडद्याकडे नीट न बघता सेव्ह केलं आणि बाहेर पडले. दोन्ही वेळचं काहीच परत आलं नव्हतं. रात्री एक वाजेपर्यंत कागदाच्या वहीवरून पुन्हा नोंदी भरल्या. त्यातही एका बागायतदाराच्या तीन पेट्या कमी लागल्या आणि दुसऱ्या दिवशी ते घरी आले. माणूस चांगला, आवाजही चढवला नाही, पण मला फार वाईट वाटलं.

पडवीतल्या पायवर वेगळाच त्रास. लिहिता लिहिता बाणाची कळ दाबली की ए, बी, सी, डी अशी अक्षरं उमटतात. राउटरवर तर ‘व्ही’ दाबून ओळी निवडायला गेले तर काही होतच नाही.

माझा प्रश्न असा: हे एकाच एडिटरचे जुने-नवे अवतार आहेत, की नाव तेवढं एक आणि आत वेगवेगळे प्रोग्राम? आणि चारही ठिकाणी चालेल अशी कोणती सवय हाताला लावून घेऊ?

---

बुवा (आचरा)

बाय, तुझा हात चुकलेला नाही. ‘यू’चा अर्थच त्या सर्व्हरवर वेगळा आहे, आणि तिथे तुला भेटला तो मूळचा अर्थ. लॅपटॉपवरचा अर्थ नंतर आला.

मी १९८९ साली अंधेरीला नोकरीला लागलो, तेव्हा एका युनिक्स मशीनला सोळा टर्मिनलं जोडलेली असायची. काळा पडदा, हिरवी अक्षरं. तिथला व्हीआय म्हणजे अस्सल जुना. त्यात ‘यू’ एकच पायरी मागे नेतो. दुसऱ्यांदा दाबलं की तो पहिला ‘यू’च रद्द होतो, म्हणजे तू जिथून निघालीस तिथेच परत येतेस. माझ्या साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ‘‘एकदा दाब आणि हात वर घे.’’ ती सवय अजून आहे.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. नाव एक आणि आतले प्रोग्राम वेगळे, हेच खरं. त्यामागचं कारण कळलं तर कुठे काय अपेक्षा ठेवायची ते पाठ करावं लागत नाही, म्हणून जरा मागून सांगतो.

युनिक्सचा पहिला एडिटर ‘एड’, केन थॉम्प्सनने लिहिलेला. तो ओळीचा एडिटर. फाइल डोळ्यांसमोर नसायची. अमुक ओळ दाखव म्हटलं की तेवढी छापायची. बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉयने त्याच घराण्यातला ‘एक्स’ वाढवला, तो १९७८ च्या पहिल्या बीएसडीत, म्हणजे बर्कलीच्या युनिक्समध्ये, होता. त्याच ‘एक्स’ची पूर्ण पडदा दाखवणारी बाजू म्हणजे ‘व्हिज्युअल’, आणि १९७९ च्या दुसऱ्या बीएसडीत ती ‘व्हीआय’ या नावाने आली. तू कोलन देऊन जे हुकूम लिहितेस ते सगळे त्या जुन्या ओळीच्या एडिटरचे. एच, जे, के, एल या कळांनी आपण सरकतो त्यालाही कारण आहे. जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर बसायचा, त्याच्या त्या चार कळांवरच बाण छापलेले होते. एस्केपची कळही तिथे आज टॅब असतो त्या जागी होती, करंगळीच्या शेजारी. आज ती लांब कोपऱ्यात गेली आणि पोरं म्हणतात व्हीआय अडचणीचा आहे.

जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवरून काम करायचा. सेकंदाला साधारण तीस अक्षरं. पडदा पुन्हा रंगवायचा म्हटलं तर बघत बसावं लागे. त्याची खूण तुला आजही सर्व्हरवर दिसेल. ‘सी’ आणि ‘डब्ल्यू’ दाबून शब्द बदलायला घे. लॅपटॉपवरचा विम जुना शब्द लगेच पुसतो. सर्व्हरवरचा पुसत नाही, शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर डॉलरचं चिन्ह ठेवतो आणि तू त्यावरून लिहीत जातेस. तेवढीच अक्षरं तारेवरून कमी जावीत म्हणून ही युक्ती. मला हे डॉलर फार आवडतं. कुठवर बदलणार आहे ते आधी दिसतं.

मग इतके व्हीआय कशाला झाले? मूळ व्हीआयमध्ये ‘एड’चा कोड होता आणि त्यावर हक्क एटी अँड टी या कंपनीचा. त्यांच्या परवान्याशिवाय तो सोर्स कोणाला वाटता येत नव्हता. ज्याला घरच्या छोट्या यंत्रावर व्हीआय हवा, त्याला स्वतः नव्याने लिहिण्यावाचून मार्ग नव्हता. १९८७ मध्ये टिम थॉम्प्सनने अटारी एसटीसाठी ‘स्टीव्ही’ लिहिला. स्टीव्ही सगळा मजकूर मेमरीत ठेवायचा. म्हणजे मोठी फाइल मावायची नाही आणि वीज गेली की सगळंच गेलं. हे न पटल्याने स्टीव्ह कर्केंडॉलने मिनिक्स या युनिक्ससारख्या छोट्या सिस्टिमवर ‘एल्विस’ लिहिला, तो १९९० मध्ये बाहेर आला. त्याने चालू काम डिस्कवरच्या फाइलीत ठेवलं.

इथून दोन वाटा फुटल्या. बर्कलीवाल्यांना आपली बीएसडी एटी अँड टीच्या कोडपासून मोकळी करायची होती. कीथ बॉस्टिकने एल्विसचा पाया घेऊन ‘एनव्हीआय’ केला. त्याचा कटाक्ष एकच: जुन्या व्हीआयवर बसलेल्या माणसाला फरक जाणवता कामा नये, अगदी जुन्या खोडीसुद्धा तशाच राहाव्यात. तुझ्या फ्रीबीएसडीवर ‘व्हीआय’ म्हटल्यावर उघडतो तो हा. दुसरी वाट ब्रॅम मूलेनारची. त्याने १९८८ मध्ये अमिगा संगणकासाठी स्टीव्ही हाती घेतला आणि १९९१ मध्ये पहिली आवृत्ती लोकांना दिली. विम या नावाचा अर्थ आधी ‘व्हीआयची नक्कल’ होता, पुढे ‘सुधारलेला व्हीआय’ झाला. तुला हवं ते सगळं इथलं. कितीही पायऱ्या मागे जाणारा ‘यू’, परत पुढे यायला कंट्रोल-आर, ‘व्ही’ दाबून निवड, रंगीत अक्षरं. ब्रॅमने विम सगळ्यांना फुकट दिला. युगांडातल्या मुलांसाठी मदत द्या, एवढंच तो म्हणायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये तो गेला. त्या दिवशी मी संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्याची आठवण काढली, कारण माझी निम्मी रोजीरोटी त्याच्या प्रोग्रामवर झाली.

(मूळ व्हीआयचा कोडसुद्धा २००२ मध्ये मोकळा झाला, पण तोवर जग पुढे गेलं होतं.)

तर सर्व्हरवर काय करायचं ते ऐक. एनव्हीआयमध्येही अनेक पायऱ्या मागे जाता येतं, फक्त रीत निराळी. ‘यू’ एकदा दाब, आणि पुढच्या पायऱ्यांसाठी टिंब दाबत जा. ‘यू’, टिंब, टिंब. पुन्हा ‘यू’ दाबलास की दिशा उलटते, मग टिंबं पुढच्या दिशेने चालतात. त्या रात्री ‘यू’ आणि एक टिंब दाबलं असतंस तर पंधराच्या पंधरा ओळी जागेवर आल्या असत्या.

‘व्ही’ची निवड विमच्या घरातली. मूळ व्हीआय, एनव्हीआय, राउटरवरचा बिझीबॉक्सचा व्हीआय, कुठेच ती नाही. तिथे खूण वापर. पहिल्या ओळीवर ‘एम’ आणि ‘ए’ दाब, शेवटच्या ओळीवर जा, आणि ‘डी’, एकेरी अवतरण, ‘ए’. मधल्या ओळी उडतात. ‘डी’च्या जागी ‘वाय’ दिलंस तर त्याच ओळी उचलल्या जातात. ही सवय विममध्येही चालते, म्हणून मी निवड शिकलोच नाही.

मी भजनात पेटी वाजवतो. दुसऱ्या गावच्या बारीला गेलो की पुढ्यात त्यांची पेटी येते. गजर धरण्याआधी भाता ओढून तीनही सप्तकांवरून एकदा बोट फिरवतो. कुठला सूर अडकतोय, कुठला आपोआप बोलतोय, ते कळतं. तसंच परक्या यंत्रावर व्हीआय उघडलास की फाइलीला हात लावण्याआधी कोलन देऊन ‘व्हर्जन’ लिही. चारही ठिकाणी तो आपलं नाव सांगेल.

---

हर्णै_बंदर

बुवांनी मुळापासून सांगितलं, मी फक्त पडवीतल्या पायबद्दल बोलतो, कारण तीच अडचण आमच्या इथे दोन वर्षं होती. मासळीच्या लिलावाचे आकडे लिहायला आम्ही तसाच पाय ठेवला होता.

ताई, तुमच्या पायवर आहे तो विमच, पण डेबियन या लिनक्समधली त्याची छोटी आवृत्ती, ‘विम-टायनी’. डेबियनवाल्यांनी मुद्दाम अशी सोय केलीय की ‘व्हीआय’ या नावाने तो उघडला तर जुन्या व्हीआयसारखं वागायचं. ‘इटीसी’मधल्या ‘विम’ फोल्डरात ‘विमआरसी डॉट टायनी’ नावाची फाइल आहे, तिच्यात ‘सेट कम्पॅटिबल’ अशी ओळ सापडेल. आता बाणाची कळ टर्मिनलकडून एकटी येत नाही. आधी एस्केप, मग एक खूण आणि शेवटी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर, अशी माळ येते. जुन्या वागणुकीत लिहिण्याच्या अवस्थेत ही माळ ओळखली जात नाही. एस्केपने तुम्ही लिहिण्यातून बाहेर पडता आणि उरलेलं शेपूट मजकुरात घुसतं. म्हणून अक्षरं उमटतात.

आणखी एक, जे तुमच्या नजरेतून सुटलं असेल: या पायवरही ‘यू’ दोनदा दाबलं तर तुमच्या सर्व्हरसारखंच होईल. विम असूनही! कारण ‘कम्पॅटिबल’ असताना ‘यू’सुद्धा जुन्या रीतीचा होतो. तिथे सर्व्हरवरचं टिंब चालणार नाही, पुढच्या पायरीसाठी कंट्रोल-आर लागतो. हे मला फार उशिरा कळलं.

उपाय दोन. होम फोल्डरात टिंबाने सुरू होणारी ‘विमआरसी’ (विमच्या सेटिंगची) फाइल करा आणि तिच्यात दोन ओळी लिहा: ‘सेट नोकम्पॅटिबल’ आणि ‘सेट बॅकस्पेस’ बरोबर २. दुसरी ओळ यासाठी, की नाहीतर आधी लिहिलेलं अक्षर बॅकस्पेसने पुसलं जात नाही. नाहीतर सरळ पूर्ण विम टाका. जागेची अडचण नसेल तर मी तेच करीन. आम्ही तेच केलं.

राउटरवर मात्र पूर्ण विमच्या भानगडीत पडू नका. त्यात जागा थोडी असते. बिझीबॉक्स म्हणजे अनेक लहान हत्यारं एकाच प्रोग्राममध्ये कोंबलेली. ब्रूस पेरेन्सने तो डेबियनच्या फ्लॉपीत मावावा म्हणून सुरू केला होता. त्यातल्या व्हीआयमध्ये ‘यू’ असेल की नाही हेसुद्धा बांधणाऱ्याच्या मर्जीवर. तिथे मी फाइल उघडण्याआधी तिची प्रत करतो. प्रत केली नसेल तर उघडतच नाही.

---

सडा_रत्नागिरी

निओविमचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी पूर्ण वेळ प्रोग्रामिंग करते, घरून, सड्यावरच्या घरात, कारण खाली वाडीत रेंज नाही.

निओविम २०१४ साली थियागो दे अरुडाने विमच्या कोडमधूनच वेगळा काढला. ‘कम्पॅटिबल’ हा प्रकारच त्याने काढून टाकला, त्यामुळे बाणाचा आणि ‘यू’चा हा गोंधळ तिथे कधी होत नाही. सेटिंग लुआ भाषेत लिहिता येतं. २०२१ च्या ०.५ आवृत्तीपासून प्रोग्रामच्या चुका लिहितानाच दाखवणारी सोय आतच आहे. मी रोज तोच वापरते आणि मला परत जायचं नाही.

पण सुरंगी, तुझ्या कामाला मी तो सुचवणार नाही. तुझी फाइल साध्या ओळींची आहे आणि तुझी अडचण चार यंत्रांची. निओविम तुला पाचवी सवय लावील. उदाहरण देते: विममध्ये मोठा ‘वाय’ पूर्ण ओळ उचलतो. निओविममध्ये ०.६ आवृत्तीपासून तो फक्त कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतच उचलतो. मला ते जास्त पटतं, पण ऑफिसच्या सर्व्हरवर गेले की दर आठवड्याला एकदा तरी मी पूर्ण ओळ उचलून चुकीच्या जागी टाकते.

मी बुवांच्या एका गोष्टीला मात्र जोड देईन. एनव्हीआयमध्ये दोन फाइली एका पडद्यावर उघडायच्या असतील तर कोलन देऊन ‘ई’ हा मोठ्या लिपीतला हुकूम द्यायचा, लहान ‘ई’ नाही. मग कंट्रोल-डब्ल्यूने वरखाली. आजची आणि कालची गाडी शेजारी ठेवून बघायला तुला उपयोगी पडेल.

---

सुरंगी (देवगड)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर चारही यंत्रांवर एक खोटी फाइल करून बसले. वीस ओळी, प्रत्येकीत एका आंब्याच्या कलमाचा नंबर.

सर्व्हरवर ‘यू’ आणि मग टिंब. आलं! बुवा काका, तुम्हाला खरं सांगते, दुसऱ्या टिंबाला ओळी परत येताना बघून मला रडू आलं. एप्रिलपासून मी माझ्या घाईलाच दोष देत होते.

हर्णैदादा, पायवर तुम्ही म्हणालात तसंच. ‘यू’ दोनदा दाबलं, काही झालं नाही. म्हणजे तिथेही कधीतरी हे होणारच होतं. दोन ओळी लिहिल्या, बाण सरळ झाले. राउटरवर ‘व्हर्जन’ लिहिलं तर बिझीबॉक्सने आपला नंबर सांगितला. तिथे ‘यू’ चालतोय, पण यापुढे प्रत करूनच हात लावीन.

एक गोष्ट राहिली. मिरगाचा पाऊस सुरू झाला की आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि पाठोपाठ रेंजही जाते. गेल्या वर्षी लॅपटॉपची बॅटरी संपली आणि पुन्हा चालू केल्यावर विमने इंग्रजीत मोठी सूचना दाखवली, खाली पाच-सहा पर्याय. घाबरून मी ‘डिलीट’ निवडलं. ते चुकलं का? आणि सर्व्हरवर काम चालू असताना रेंज गेली तर तिथल्या फाइलीचं काय होतं?

---

बुवा (आचरा)

चुकलं गो बाय. त्यात तुझं काम होतं. पण ती सूचना घाबरवणारीच आहे, पहिल्यांदा बघणारा दहातला एकही नीट वाचत नाही.

विममध्ये तू लिहायला लागलीस की तो फाइलीच्या शेजारी एक लपलेली फाइल ठेवतो, तिला स्वॅप म्हणतात. दोनशे अक्षरं टाइप झाली की, किंवा चार सेकंद तू थांबलीस की, तो नवं काम तिच्यात लिहितो. म्हणजे बॅटरी गेली तर फार तर शेवटचे थोडे शब्द जातात. पुन्हा उघडताना ती स्वॅप त्याला सापडते आणि म्हणून तो विचारतो. तेव्हा ‘रिकव्हर’ निवड. मजकूर आला की लगेच मूळ नावावर सेव्ह करू नकोस, दुसऱ्या नावाने कर आणि दोन्ही फाइली शेजारी ठेवून बघ. बरोबर आहे अशी खात्री झाल्यावरच स्वॅप पुसायची. ‘डिलीट’ हा पर्याय त्या शेवटच्या पायरीसाठी आहे.

इंटरनेटवर तयार विमआरसी फाइली मिळतात, त्यांत बरेचदा ‘सेट नोस्वॅपफाइल’ अशी ओळ असते, फोल्डरात कचरा दिसू नये म्हणून. शहरात ज्यांच्याकडे वर्षभर लाइट जात नाही त्यांनी ती ठेवावी. आपल्याकडे ती ओळ असेल तर आज काढून टाक. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, तिकडे दापोली-श्रीवर्धनच्या बाजूला कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. माझा मावसभाऊ तिथे सोसायटीचं दप्तर लिहितो. लाइट आल्यावर त्याची अर्धी यादी स्वॅपमधूनच मिळाली.

सर्व्हरचं वेगळं आहे, आणि चांगलं आहे. तुझी रेंज गेली तरी सर्व्हर चालूच असतो. जोडणी तुटल्याचं त्याला कळलं की एनव्हीआयला तसा इशारा मिळतो आणि तो मरताना काम जपून ठेवतो. ‘व्हार’मधल्या ‘टीएमपी’त ‘व्हीआय डॉट रिकव्हर’ नावाचा फोल्डर असतो, तिथे. रेंज आल्यावर ‘व्हीआय’ पुढे नुसतं ‘वजा आर’ लिही, काय काय वाचलंय त्याची यादी येईल. त्याच हुकुमाला फाइलीचं नाव जोडलंस की ती उघडेल. सर्व्हर स्वतः बंद पडून उठला तर फ्रीबीएसडी उठतानाच तुला मेल टाकतो, की तुझी अमुक फाइल परत मिळवता येईल. ते मेल सर्व्हरच्या आतलं असतं, बघायची सवय ठेव.

कधी असं होईल की तू लगेच परत आलीस आणि जुनं सत्र अजून मेलेलं नाही. तेव्हा एनव्हीआय म्हणेल की फाइलीला कुलूप आहे आणि ती फक्त वाचायला उघडेल. जबरदस्तीने सेव्ह करू नकोस. ते सत्र संपेपर्यंत थांब.

राउटरवर यातलं काहीच नाही. बिझीबॉक्स सगळं मेमरीत धरतो, अगदी त्या स्टीव्हीसारखं. लाइट गेली की गेलं. तिथे दोन ओळी लिहायच्या आणि सेव्ह करायचं.

आणि एक हुकूम शिकून घे, जो फार थोडे वापरतात. कोलन देऊन ‘प्रिझर्व्ह’. मूळ व्हीआयमध्ये होता, एनव्हीआयमध्ये आहे, विममध्येही आहे. मूळ फाइलीला हात न लावता आत्ताचं काम जसंच्या तसं बाजूला जपून ठेवतो. अर्धवट नोंदी सेव्ह करायच्या नसतील आणि बाहेर वारा सुटलेला दिसला, माडांच्या झावळ्या एका अंगाला गेल्या, की आधी तो द्यायचा. अंधेरीला आम्ही वीज लपलपायला लागली की एकमेकांना ओरडून सांगायचो, ‘‘प्रिझर्व्ह!’’ आणि सोळाच्या सोळा टर्मिनलांवर एकदम कळा वाजायच्या.

जाता जाता: सर्व्हरवर अडलीस तर कोलन आणि ‘व्हीआययूसेज’ लिही, सगळ्या कळांची यादी तिथेच येते. विमची ‘हेल्प’ तिथे त्या थाटाची नाही.

---

सुरंगी (देवगड)

काका, आत्ता संध्याकाळचे सव्वासात. बाहेर गडगडतंय आणि लाइट दोनदा लपकली. सर्व्हरवर आजच्या अठ्ठावीस नोंदी अर्ध्यावर होत्या, म्हणून ‘प्रिझर्व्ह’ दिलं आणि मुद्दाम वायफाय बंद करून बघितलं. दहा मिनिटांनी परत शिरले, ‘वजा आर’ने यादी आली, त्यात माझी फाइल. उघडली, वहीशी ताडून पाहिली, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आहेत. बाबांना वाशीला फोन करून सांगितलं. त्यांना व्हीआय म्हणजे काय ते माहीत नाही, पण पेट्या जुळल्या म्हटल्यावर ते म्हणाले, ‘‘मग ज्यांनी शिकवलं त्यांना हंगाम संपायच्या आत एक पेटी पाठव.’’ आचऱ्याला आमची गाडी शुक्रवारी येते. सहा डझनी चालेल ना?